दोन शिष्टाचार आणि एक देवडी

सन २००३ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस सर्वोच्च न्यायालयानें ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल बी. देसाई’ या प्रकरणीं निकाल दिला. मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांपुढील एका फौजदारी खटल्यांत न्यूयॉर्कचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग यांची साक्ष हवी होती. साक्ष देण्यास डॉक्टरांची ना नव्हती. मात्र त्यासाठीं समुद्र ओलांडून मुंबईस येण्याची त्यांची तयारी नव्हती. तेव्हां तेथें त्यांनीं बोलावें आणि येथें न्यायालयानें त्यांस पाहावें व ऐकावें, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनें साक्ष नोंदवावी, असा अर्ज सरकारपक्षानें केला. दंडाधिकाऱ्यांनीं तो मान्य केला, उच्च न्यायालयानें अमान्य केला, आणि अखेर न्यायमूर्ति वरियावा व न्यायमूर्ति अगरवाल यांच्या पीठानें तो पुनः मान्य केला. सारा वाद एका शब्दाचा होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७३ व्या कलमाप्रमाणें पुरावा आरोपीच्या ‘उपस्थितींत’ घेतला गेला पाहिजे; तर उपस्थिति म्हणजे देहानें समोर उभें असणेंच काय? न्यायालयाचें उत्तर असें कीं, ज्याला पाहतां येतें, ऐकतां येतें, ज्याला प्रश्न विचारतां येतात आणि ज्याची मुद्रा न्याहाळतां येते, तो साक्षीदार त्या शब्दाच्या अर्थानें उपस्थितच होय. साक्षीसाठीं जागाहि नेमून देण्यांत आली : मुंबईच्या महात्मा गांधी मार्गावरील विदेश संचार भवन. मूळ खटल्यांतील आरोपी डॉक्टरांना पुढें २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच दोषमुक्त केलें, परंतु तो निराळा इतिहास झाला. उपस्थितीचा अर्थ मात्र २००३ सालीं जो रुंदावला तो रुंदावलाच.

या निकालाचें मोल रत्नागिरीसारख्या जिल्ह्यास जितकें कळेल तितकें क्वचितच दुसऱ्या कोणास कळेल. मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके. मधून मधून खाड्या, पूर्वेस सह्याद्रीची भिंत. उच्च न्यायालयाचें काम निघालें कीं सव्वातीनशें किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबई गांठावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ सुरू झालें आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. तरीहि आंब्याचा घाट चढावाच लागतो. आधींच देशभर ई-कोर्ट्‌स योजनेखालीं ३,२४० न्यायालय-संकुलें आणि १,२७२ तुरुंग या सोयीनें जोडले गेले, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३० व्या कलमानें तर खटल्याचें कामकाज विद्युत्‌-माध्यमांतून चालविण्यास सरळ मुभा दिली.

कायद्यानें परवानगी दिली म्हणजे दोन यंत्रें एकमेकांशीं बोलूं लागलीं असें मात्र होत नाहीं. न्यायालयांतील पडदा आणि तुरुंगांतील पडदा यांच्यामध्यें जी तार आहे तिच्यावर चित्र व आवाज वाहूं लागण्यापूर्वीं एक अदृश्य बोलणें व्हावें लागतें. त्या बोलण्यास यंत्रशास्त्रज्ञ ‘सिग्नलिंग’ म्हणतात व त्या बोलण्याच्या रीतीस ‘प्रोटोकॉल’. प्रोटोकॉल या शब्दास आपल्या सरकारी मराठींत ‘राजशिष्टाचार’ असा प्रतिशब्द रूढ आहे, आणि तो येथेंहि अगदीं नेमका बसतो : पाहुण्यानें आधीं काय म्हणावें, यजमानानें काय उत्तर द्यावें, केव्हां बसावें आणि केव्हां उठावें, याचे ठरलेले नियम.

कोंकण रेल्वेच्या प्रवाशांस ही गोष्ट लवकर उमगेल. रत्नागिरीच्या उत्तरेस उक्षी व भोके या दोन स्टेशनांच्या मध्यें करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आहे. रूळ एकेरी. उक्षीच्या स्टेशनमास्तरानें भोक्याच्या स्टेशनमास्तरास आधीं विचारावयाचें कीं, मार्ग मोकळा आहे काय. तिकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावांचून गाडी हलावयाची नाहीं. ही विचारपूस गाडींतून जात नाहीं, निराळ्या तारेनें जाते. गाडींत बसलेल्यांस तिचा पत्ताहि नसतो. व्हिडिओ कॉलमध्यें चित्र व आवाज म्हणजे गाडी, आणि सिग्नलिंग म्हणजे ही लाइन क्लिअरची विचारपूस. गाडी कितीहि चांगली असली तरी मास्तरांचें बोलणें फिसकटलें कीं ती फलाटावरच उभी.

ज्यांस जुने ट्रंक कॉल आठवतात त्यांना दुसराहि दाखला पटेल. साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग असा कॉल नोंदवून माणूस घरीं वाट पाहत बसे. तेवढ्यांत रत्नागिरीच्या एक्स्चेंजमधील ऑपरेटर मुंबईच्या ऑपरेटरशीं बोलून नंबर जुळवीत असे, पलीकडे घंटा वाजल्याची खात्री करून घेत असे, आणि मग म्हणे, ‘बोला.’ त्या एका ‘बोला’ पूर्वींची सारी खटपट म्हणजे सिग्नलिंगच. ऑपरेटर गेला, त्याचें काम मात्र गेलें नाहीं. तें यंत्रांच्या अंगावर पडलें, आणि यंत्रांना अंदाजानें समजून घेण्याची कला नसल्यामुळें प्रत्येक वाक्य आधीं ठरवून द्यावें लागलें.

दुर्दैवानें तें दोघांनीं दोन तऱ्हांनीं ठरविलें. पहिला शिष्टाचार जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा. १९९० सालीं त्यानें आयएसडीएन नांवाच्या टेलिफोन-तारांवरील चित्रसंभाषणासाठीं ‘एच. ३२०’ हें मानक दिलें, आणि १९९६ सालीं संगणकांच्या जाळ्यासाठीं ‘एच. ३२३’. हें घराणें टेलिफोनचें, म्हणून त्याची वागणूकहि जुन्या टेलिफोन-खात्यासारखी. कॉल मांडण्याची भाषा त्यानें आयएसडीएनकडूनच घेतली : ‘सेटअप’ म्हणजे कॉल आला आहे, ‘अलर्टिंग’ म्हणजे घंटा वाजते आहे, ‘कनेक्ट’ म्हणजे उचलला, ‘रिलीज कंप्लीट’ म्हणजे ठेवला. हें बोलणें १७२० क्रमांकाच्या दारानें चालतें. त्यानंतर ‘एच. २४५’ नांवाचें दुसरें बोलणें निघतें. त्यांत उभय यंत्रें आपापली ऐपत सांगतात, म्हणजे कोणत्या प्रकारचें चित्र व कोणत्या प्रकारचा आवाज आपल्यास समजतो तें, आणि दोघांत वडीलकी कोणाची हेंहि ठरवितात. या घराण्यांत ‘गेटकीपर’ नांवाचा एक कारभारी असतो. त्याच्या वहींत नांव नोंदविल्याशिवाय व त्याची परवानगी घेतल्याशिवाय कोणी कोणास हांक मारावयाची नाहीं. सारें बोलणें आंकड्यांच्या गुप्त लिपींत बांधलेलें. माणसास तें उघड्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं.

दुसरा शिष्टाचार इंटरनेटच्या मंडळींचा. त्याचें नांव ‘सिप’. त्याचा पहिला मसुदा मार्च १९९९ मध्यें व आज प्रमाण मानला जाणारा जून २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांपैकीं हेनिंग शुल्त्सरिने हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक. ज्यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१३ ते १९१६ या काळांत अध्ययन केलें तेंच हें विद्यापीठ. सिपचें बोलणें साध्या लिहिलेल्या मजकुराचें असतें. ‘इन्व्हाइट’ म्हणजे निमंत्रण. ‘१८०’ म्हणजे घंटा वाजते आहे. ‘२००’ म्हणजे मान्य. मग निमंत्रण देणारानें ‘अ‍ॅक’ म्हणून पोंच द्यावयाची. आणि निघतांना ‘बाय’. ४०४ म्हणजे असा कोणी येथें राहत नाहीं, ४८६ म्हणजे घरधनी कामांत आहे, ४८८ म्हणजे आपल्या अटी आम्हांस मान्य नाहींत. कागदावर उतरवून घेतलेलें हें संभाषण थोड्या सरावानें कोणासहि वाचतां येतें, आणि बिघाड शोधणारास हा मोठाच उपकार आहे. सिपचा पुढें सर्वत्र जो प्रसार झाला त्याचीं इतर कारणें असतीलच, परंतु हें वाचनीयपण त्यांत लहान नव्हे.

आतां प्रश्न असा कीं, ज्या कचेरींत दहा-पंधरा वर्षांपूर्वींचा एच. ३२३ बोलणारा संच बसविलेला आहे आणि ज्या ठिकाणीं नवा सिपचा संच आला आहे, तीं दोन ठिकाणें एकमेकांशीं कशीं बोलणार? त्यांच्यामध्यें एक दुभाषा बसवावा लागतो. त्यास ‘गेटवे’ म्हणतात. जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला लागून देवडी असे. आल्यागेल्याची विचारपूस तेथें होई, ओळख पटे, आणि मग आंत सोडीत. गेटवे ही व्हिडिओ कॉलची देवडी होय. आणि देवडीवर बसणारास घराचे सर्व रिवाज आधीं समजावून द्यावे लागतात तसेच ते गेटवेसहि द्यावे लागतात. इंजिनियर लोक ज्याला ‘कॉन्फिगर करणें’ म्हणतात तें हेंच.

कल्पना करावी कीं, रत्नागिरीच्या एका न्यायालयांत जमिनीच्या वाटपाचा दावा चालू आहे. एक भाऊ गांवीं, दुसरा मस्कतला. मस्कतच्या भावाची साक्ष पडद्यावर घ्यावयाची आहे. न्यायालयाचा संच जुना, तिकडचा नवा, मध्यें गेटवे. कोणकोणत्या गोष्टी ठरवून द्याव्या लागतील?

पहिली गोष्ट पत्त्याची. जुन्या घराण्याचे पत्ते टेलिफोनसारखे आंकड्यांचे. नव्याचे पत्ते पत्रासारखे, नांव व घर सांगणारे. कोणत्या आंकड्यानें सुरू होणारा नंबर कोणत्या बाजूस वळवावा याचा तक्ता गेटवेस द्यावा लागतो. हें काम कंटाळवाणें असलें तरी सोपें आहे, आणि त्यांतली चूक लगेच उघडी पडते, कारण कॉल लागतच नाहीं. खऱ्या कटकटी त्या, ज्यांत कॉल लागतो.

दुसरी गोष्ट याद्यांची. आपल्याकडे लग्न ठरतें तेव्हां देण्याघेण्याच्या याद्या होतात. सिपच्या घरीं निमंत्रणाच्या लखोट्यांतच यादी घालून पाठविण्याची रीत आहे : एवढ्या प्रकारचीं चित्रें मला समजतात, एवढ्या प्रकारचा आवाज, आणि अमुक दारावर मी वाट पाहतों. एच. ३२३ च्या घरीं, जुन्या रिवाजाप्रमाणें, आधीं अक्षता पडतात आणि मग याद्यांवर बसतात. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत ‘फास्ट कनेक्ट’ म्हणून याद्या आधींच पाठविण्याची सोय झाली, परंतु सर्वच संच ती पाळीत नाहींत. अशा वेळीं गेटवे पेंचांत सांपडतो. जुन्या बाजूनें हांक आली आहे, पण तिची यादी अजून हातीं नाहीं. आणि नव्या बाजूस निमंत्रण तर आतांच पाठवावयाचें आहे. त्यास दोनच वाटा उरतात. रिकामा लखोटा पाठवावा आणि यादी तिकडूनच मागवावी, किंवा आपल्या अटकळीनें यादी बनवून पाठवावी. पहिली वाट प्रामाणिक, परंतु कांहीं नवे संच रिकामा लखोटा घेतच नाहींत. दुसरी वाट चालते, परंतु अटकळ चुकली तर कॉल जुळल्यावर मध्येंच यादी बदलावी लागते, आणि तेवढ्यांत चित्र गोठतें. कोणती वाट धरावी हें पलीकडचा संच कोणता यावर अवलंबून आहे. म्हणून सर्वांसाठीं एकच नियम घालणारा इंजिनियर आळशी समजावा. आवाजापुरता एक दिलासा आहे : १९७२ सालचें ‘जी. ७११’ हें ६४ किलोबिटांचें जुनें मानक एच. ३२३ च्या प्रत्येक संचास आलेंच पाहिजे असा नियम असून सिपच्या बाजूसहि तें बहुतेकांना येतें. जेथें दुसरें कांहीं जुळत नाहीं तेथें तें यादीच्या तळाशीं असूं द्यावें. चित्रासाठीं २००३ सालचें ‘एच. २६४’ उभयतांस येत असलें म्हणजे गेटवेस भाषांतर करावें लागत नाहीं. नुसतें पोंचवावें लागतें. चित्राचें भाषांतर करणें म्हणजे तें उलगडून पुनः विणणें. त्यांत वेळ जातो, आणि एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोंचण्यास १५० मिलिसेकंदांहून फार अधिक वेळ लागूं लागला कीं माणसें एकमेकांचें बोलणें तोडूं लागतात. उलटतपासणींत तर या विलंबाचा अर्थ साक्षीदार अडखळला असा होऊं शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक घोंटाळ्याची. ती घरच्या पत्त्याची. गिरणगांवांत राहणारा चाकरमानी गांवीं पत्र लिहितांना आंत ‘खोली नंबर बारा’ एवढाच पत्ता लिहील, तर उत्तर कोठें जाणार? चाळींतल्या चाळींत ‘खोली नंबर बारा’ पुरेसा पत्ता आहे. पोस्टमनला तो उपयोगी नाहीं, कारण मुंबईंत खोली नंबर बारा हजारों आहेत. कचेऱ्यांच्या अंतर्गत जाळ्यांतील संचांना असेच खोलीपुरते पत्ते दिलेले असतात, १९२.१६८ अशा आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते त्या जातीचे. संच आपल्या यादींत तोच पत्ता लिहितो. लखोट्यावरचा पत्ता राउटर बदलून देतो, म्हणून निमंत्रण पोंचतें आणि घंटाहि वाजते. परंतु लखोट्याच्या आंतला पत्ता तसाच राहतो, आणि पलीकडचा आवाज त्या भलत्याच खोलीकडे धाडला जातो. परिणाम असा कीं, एका बाजूस दिसतें व ऐकूं येतें, दुसऱ्या बाजूस कांहींच नाहीं. कांहीं राउटर आंतला पत्ताहि दुरुस्त करावयास जातात, आणि अर्धा दुरुस्त करून अर्धा विसरतात. असा अर्धवट मदतनीस राउटरमध्यें असेल तर तो आधीं बंद करावा आणि पत्ते बदलण्याचें सारें काम एकट्या गेटवेवर सोंपवावें, हा अनुभवी लोकांचा पहिला सल्ला असतो.

या एकतर्फी आवाजाकडे यांत्रिक गैरसोय म्हणून पाहणें बरें नव्हे. तुरुंगांतील एका माणसास पडद्यासमोर बसविलें आहे. न्यायाधीश विचारतात, वकील दिला आहे काय, कांहीं तक्रार आहे काय. त्यास प्रश्न ऐकूं येतो, तो उत्तरहि देतो; न्यायालयाच्या बाजूस शांतता. गर्दीच्या दिवशीं, पन्नास प्रकरणें बोर्डावर असतांना, त्या शांततेचा अर्थ ‘तक्रार नाहीं’ असा लावला जाणें अशक्य नाहीं. २००३ सालच्या निकालानें ज्या उपस्थितीस मान्यता दिली ती उभय बाजूंनीं पाहण्याऐकण्याची उपस्थिति होती. म्हणून कामकाज सुरू होण्यापूर्वीं नुसतें ‘ऐकूं येतें काय’ असें विचारून भागत नाहीं. पलीकडच्या माणसाकडून एकादें वाक्य म्हणवून घ्यावें लागतें.

याच कुळांतला दुसरा एक बिघाड नवशिक्यास चकवितो. कॉल उत्तम लागतो, दोन्हीं बाजूंस चित्र, दोन्हीं बाजूंस आवाज, आणि बरोबर बत्तीस सेकंदांनीं सारें तुटतें. पुनः लावावें, पुनः बत्तीस. लोक तारेस दोष देतात. वस्तुतः सिपच्या नियमांत याचें उत्तर आहे : ‘मान्य’ असें सांगणारा संच पोंचेची वाट पाहतो, ती आली नाहीं तर आपला निरोप पुनःपुन्हां पाठवितो, आणि अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे बत्तीस सेकंद, लोटल्यावर पलीकडे कोणी नाहीं असें समजून कॉल ठेवून देतो. पोंच पाठविली गेलेली असते. ती पुनः ‘खोली नंबर बारा’ ला जाते. घड्याळ हातीं धरून जो हा आंकडा मोजील त्याचें अर्धें काम झालें.

एच. ३२३ च्या बाजूचा रोग थोडा वेगळा. तेथें हांक १७२० च्या दारानें येते, परंतु ऐपतीचें बोलणें व नंतरचें चित्र हीं आयत्या वेळीं ठरविलेल्या भलत्याच दारांनीं येतात. कचेरीच्या फायरवॉलच्या पहारेकऱ्यास तीं दारें ठाऊक नसतात. तो तीं बंदच ठेवतो. म्हणून घंटा वाजते, कॉल उचलला जातो, आणि पडदा काळा राहतो. यावर तोडगा असा कीं, ऐपतीचें बोलणें पहिल्याच दारांतून, त्याच लखोट्यांत घालून न्यावें आणि चित्रासाठीं दारांचा एक मर्यादित पट्टा नेमून पहारेकऱ्यास कळवावा. पहारा उठवून सगळींच दारें मोकळीं सोडणारेहि लोक आढळतात. त्यांच्याविषयीं न बोललेलें बरें.

सातबाराचा प्रश्न यापुढचा. जमिनीच्या दाव्यांत साक्षीदारास उतारा दाखवून, ‘ही नोंद आपल्यास मान्य आहे काय’ असें विचारावें लागतें. चेहऱ्याबरोबर कागदहि पडद्यावर दाखविण्यासाठीं दुसरा चित्रप्रवाह लागतो, आणि येथेंहि दोन घराण्यांचे दोन रिवाज : एकाकडे ‘एच. २३९’, दुसऱ्याकडे ‘बीएफसीपी’. गेटवेंत या दोहोंची सांगड घातलेली नसली तर चेहरे दिसतात आणि कागद मात्र देवडीवरच अडकून राहतो. मस्कतचा भाऊ मग न पाहिलेल्या उताऱ्याविषयीं ‘हो’ म्हणणार कीं ‘नाहीं’? चाचणी घेतांना लोक चेहरा दिसला कीं समाधान मानतात. चाचणींत कागद दाखवून पाहणें हें बहुधा राहून जातें.

आतां गुप्ततेविषयीं. दोन्हीं शिष्टाचारांत बोलणें कुलुपांत घालून नेण्याची सोय आहे, पण कुलुपांची घडण निराळी. गेटवे एक कुलूप उघडतो आणि दुसरें लावतो. त्याच्या मांडणींत या बाबतींत बहुधा तीन पर्याय असतात : कुलूप नको, जमल्यास लावावें, आणि लावलेंच पाहिजे. मधला पर्याय मोठा सोज्ज्वळ दिसतो. त्याची खोड अशी कीं, पलीकडच्या संचास कुलूप येत नसलें तर तो कोणास न सांगतां उघड्यावर बोलणें सुरू करतो. चित्र तसेंच, आवाज तसाच. कौटुंबिक न्यायालयांतील बंद दालनांतलें कामकाज किंवा लहान मुलाची साक्ष यांसाठीं ‘जमल्यास’ हा शब्द चालणार नाहीं. तेथें कॉल न लागलेला पत्करावा. आणि कुलूप ‘लावलेंच पाहिजे’ असें ठरविल्यावर ज्या प्रमाणपत्रांवर त्याचा विश्वास चालतो त्यांची मुदत केव्हां संपते हें भिंतीवरच्या कॅलेंडरांत लिहून ठेवावें. मुदत संपलेल्या दिवशीं यंत्र चालू दिसतें, दिवे लुकलुकतात, आणि एकहि कॉल लागत नाहीं.

देवडी म्हटली कीं चोरहि आले. सिपचें नेहमींचें दार ५०६० क्रमांकाचें. तें उघडें आहे काय हें चाचपून पाहणारीं स्वयंचलित यंत्रें इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. गेटवेस टेलिफोनची लाइन जोडलेली असली आणि ‘कोणीहि यावें, कोठेंहि जावें’ असा तक्ता लिहिलेला असला, तर कोणा परक्यानें परदेशांतील महाग नंबरांना रातोरात कॉल करावे आणि बिल कचेरीनें भरावें, असा प्रकार घडतो. येथें नियम एकच : ज्याचें नांव वहींत आहे त्यासच आंत घ्यावें, आणि तक्त्याची शेवटची ओळ ‘इतर सर्वांस नकार’ अशी असावी. विक्रेत्यानें दिलेला पहिला परवलीचा शब्द न बदलतां यंत्र चालू करणें म्हणजे देवडीवर पहारेकरी नेमून त्याच्या हातीं दिंडीची किल्ली सर्वांसाठीं टांगून ठेवणें होय.

कोणी म्हणेल, मोबाइलवर एक बोट दाबतांच नातवाचा चेहरा दिसतो, तेथें हा सारा खटाटोप कोठें असतो? तेथेंहि तो आहे. फक्त दृष्टीआड आहे. २०११ सालीं खुलें झालेलें व जानेवारी २०२१ मध्यें प्रमाण म्हणून मान्यता पावलेलें ‘वेबआरटीसी’ हें तंत्र पुष्कळ ठिकाणीं वापरलें जातें, आणि त्यानें तर सिग्नलिंगची रीत मुद्दामच ठरवून दिलेली नाहीं. ज्यानें त्यानें आपली ठरवावी. परिणाम असा कीं, प्रत्येक कंपनीचा वाडा निराळा, त्याची देवडी निराळी, आणि एका वाड्यांतून दुसऱ्यांत हांक जात नाहीं. टेलिफोनच्या शंभर वर्षांत कोणत्याहि नंबरावरून कोणताहि नंबर लागावा हें जें सहज वाटूं लागलें होतें तें व्हिडिओच्या काळांत हातचें गेलें. एच. ३२३ आणि सिप हे दोन्हीं उघडे, छापील, कोणासहि वाचावयास मिळणारे शिष्टाचार आहेत, आणि सार्वजनिक पैशानें उभारलेल्या न्यायालयांनीं व रुग्णालयांनीं कोणा एका वाड्याचे आश्रित न होतां त्यांच्यावर पाय रोवून राहावें यांतच शहाणपण आहे. चालता जुना संच तो जुना एवढ्याच कारणावरून भंगारांत घालण्यापेक्षां मध्यें चांगला दुभाषा बसविणें पुष्कळदां स्वस्त पडतें. मात्र त्या जुन्या संचास दुरुस्तीचे हप्ते मिळेनासे झाले, त्याचें कुलूप कच्चें ठरलें, म्हणजे त्यास निरोप देणें प्राप्त होय.

राहतां राहिली वाऱ्यापावसाची गोष्ट, आणि कोंकणांत ती शेवटची असूनहि लहान नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास लागलें आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यांत विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे व पोफळींच्या बागा एकदम आडव्या झाल्या. कित्येक गांवें दिवसेंदिवस बोलण्यावांचून राहिलीं. पुढच्याच वर्षीं २२ जुलैला वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें. अशा मुलुखांत गेटवे मांडतांना त्याच्या तक्त्यांत वाटांचा क्रम लिहावा लागतो : पहिली वाट फायबरची, ती मुकी झाली तर मोबाइलची, पट्टा अरुंद झाला तर चित्र लहान करावें, मग चित्र सोडून आवाज तेवढा ठेवावा, आणि तोहि न जमला तर साध्या टेलिफोनवर उतरावें. वाट मुकी झाली हें गेटवेला आपोआप कळत नाहीं. त्यासाठीं ठराविक सेकंदांनीं पलीकडच्या देवडीस ‘आहांत काय’ अशी हांक घालावयास त्यास सांगावें लागतें, आणि किती हांका निरुत्तर गेल्यावर वाट बदलावी तो आंकडाहि भरावा लागतो. फार थोड्यावर ठेवला तर एका सरीनें वाटा बदलत राहतात. फार मोठा ठेवला तर साक्षीदार पाऊण मिनिट गोठलेल्या पडद्याकडे पाहत बसतो. हा आंकडा मृगाच्या पहिल्या आठवड्यांत, प्रत्यक्ष पाऊस पडत असतां, कॉल लावून पाहून ठरविलेला बरा. उन्हाळ्यांत ठरविलेला आंकडा कोंकणांत पावसाळ्यास उपयोगी पडत नाहीं.